आधी यादी, मग जागा

सातारा-सांगली भागात एखादा जुना कार्यकर्ता, सहकारी संस्थेचा संस्थापक किंवा माजी लोकप्रतिनिधी निवर्तला की शोकसभा उरकल्यानंतर त्याच्या कागदांचा विषय निघतो. माळ्यावरच्या ट्रंकांतून पत्रके, ठरावांच्या वह्या, निवेदनांच्या स्थळप्रती, तुरुंगातून आलेली पत्रे, मोर्चाच्या खर्चाचे हिशेब बाहेर येतात आणि लगोलग दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हे सारे पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या संस्थेला देऊन टाका, तिथे ते टिकेल तरी. दुसरा म्हणतो, हा आमच्या मातीचा ठेवा आहे, त्यातला एक कपटाही जिल्ह्याबाहेर जाता कामा नये. इथेच स्मारक बांधा आणि काचेच्या कपाटात ठेवा. वर्तमानपत्रांतला पत्रव्यवहार असो की गावातल्या सभेतली भाषणे, सगळा जोर जागेवर असतो. दोन्ही तटांची तळमळ खरी आहे, पण दोघेही दुसऱ्या क्रमांकाच्या प्रश्नावर भांडत आहेत, असे माझे मत आहे. कागद कोणत्या गावात आहेत, हे नंतर पाहता येईल. ते आहेत एवढे तरी कोणालाही कळू शकेल अशी जाहीर यादी आहे का, आणि मागायला आलेल्या अनोळखी माणसाला ते दाखवण्याचा लेखी नियम आहे का, हे दोन प्रश्न आधीचे आहेत. ज्या संग्रहाची यादी नाही आणि नियम नाही, तो संग्रह आपल्या गल्लीत असला तरी सार्वजनिक जीवनाच्या दृष्टीने नसल्यासारखाच आहे.

यासाठी दूरचे उदाहरण शोधायला नको. पेशवे दप्तर पुण्यातच होते. इनाम कमिशनच्या, म्हणजे इनामांचे हक्क तपासणाऱ्या ब्रिटिश चौकशीच्या, कामासाठी जमवलेले आणि पुढे खास इमारतीत नीट रचून ठेवलेले पेशवाईच्या कागदांचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) शहराच्या मध्यात होते. तरीही एतद्देशीय संशोधकांना ते कित्येक दशके मोकळेपणाने पाहता येत नव्हते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या पिढीने खेडोपाडी पायपीट करून, वाडेवाल्यांच्या मिनतवाऱ्या करून कागद जमवले, त्यामागे हेही एक कारण होते. वाईतल्या एका वाड्यात मिळालेल्या पत्रांवरून राजवाड्यांनी १८९८ साली पानिपतच्या काळाच्या साधनांचा पहिला खंड काढला, आणि पेशवे दप्तरातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पंचेचाळीस भागांत छापून यायला १९३० चे दशक उजाडावे लागले. दप्तर पुण्यात असण्याचा पुणेकर अभ्यासकाला तोवर नेमका काय उपयोग झाला? त्याच काळात मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे वाचून, नकलून, भागामागून भाग प्रसिद्ध करत होते. एका शाळामास्तराने केलेल्या त्या कामामुळे मिरजेचे कागद मिरज न सोडता साऱ्या महाराष्ट्रात पोहोचले. जवळ असणे आणि उघडे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

‘इथेच ठेवा’ म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र टाळता येणार नाही, आणि तोही साताऱ्याच्याच अनुभवातला आहे. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर खपून साताऱ्यात ऐतिहासिक संग्रह उभा केला. मेणवलीचे, म्हणजे नाना फडणवीसांचे, दप्तर त्यात होते. १९२६ साली पारसनीस गेले आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. साताऱ्याला याची रुखरुख आजही वाटते, आणि ती नुसती भावनिक नाही. खटाव किंवा जत तालुक्यातल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला पुण्याचे भाडे, तिथला मुक्काम, ओळखपत्र आणि शिफारसपत्र यांची जुळवाजुळव करावी लागते; पुण्यातल्या विद्यार्थिनीला यातले काहीच करावे लागत नाही. हा अन्याय आहे. पण त्यावर आपण कोणता उपाय सुचवतो? संग्रह परत आणा, हा. परत आणून तो कोणी लावायचा, कोणी वाचायचा, मोडी कोणाला येते, खोलीची किल्ली कोणाकडे राहील, यावर ‘इथेच’वाले बोलत नाहीत. डेक्कन कॉलेजात गेलेल्या कागदांवर पुढे अभ्यास झाले, हे मान्य करण्यात साताऱ्याचा कोणता अपमान आहे? खटावच्या मुलीला त्या कागदांची यादी साताऱ्यात बसून पाहता आली आणि हव्या त्या पानाची प्रत मागवता आली, तर तिच्यावरचा अन्याय बहुतांशी संपतो. नुसत्या इमारतीने तो संपत नाही.

शिवाय ‘आमचा जिल्हा’ म्हणजे कोणता? १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवले गेले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र आणि यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे तेव्हा साताऱ्यात होते, आज सांगलीत आहे. आटपाडी आणि कुंडल ही गावे औंध संस्थानात होती, खुद्द औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. मिरज, सांगली आणि जत ही वेगवेगळी संस्थाने. आता समजा, एखाद्या अभ्यासकाला एक साधा प्रश्न पडला: औंधच्या राजाने १९३९ साली गावपंचायतींच्या हाती राज्यकारभार आणि न्यायदान देणारी घटना दिली आणि चारच वर्षांनी नाना पाटलांच्या प्रतिसरकारने, म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर चाललेल्या भूमिगतांच्या सरकारने, गावोगाव आपली न्यायमंडळे चालवली, तर या दोहोंचा काही संबंध होता का? कुंडल हे जी. डी. बापू लाडांचे गाव, भूमिगतांच्या हालचालींचे केंद्र आणि औंध संस्थानाचा भाग, म्हणजे प्रश्न हवेतला नाही. त्याच्या उत्तरासाठी संस्थानी पंचायतींचे निवाडे पाहावे लागतील, ब्रिटिश पोलिसांचे गुप्त अहवाल पाहावे लागतील आणि न्यायमंडळात बसलेल्या माणसांच्या घरची टिपणे पाहावी लागतील. संस्थानी दप्तर विलीनीकरणानंतर सरकारजमा झाले, पोलिसी अहवाल मुंबईच्या गृहखात्याकडे गेले, आणि टिपणे असलीच तर कुणाच्या तरी नातवाच्या ट्रंकेत आहेत. या तिन्ही गोष्टी एका छपराखाली आणणे कोणालाही शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. तिन्हींच्या याद्या मात्र एका टेबलावर ठेवता येतात. अस्मितेच्या वादात या शक्यतेचा उच्चारही होत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

तिसराही एक आवाज असतो, सहसा निवृत्त अधिकाऱ्यांचा. तो म्हणतो, एवढा आटापिटा कशाला, सरकारकडे सगळे असतेच. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ सालचा आहे, माहितीचा अधिकारही त्याच वर्षीचा आहे, आणि त्या कायद्याच्या चौथ्या कलमाने अभिलेखांची सूची करून ठेवणे प्रत्येक कार्यालयाला बंधनकारक केले आहे. हे सारे खरे आहे. या कायद्यांची निम्मी जरी अंमलबजावणी झाली असती तर या लेखातला निम्मा मजकूर लिहावा लागला नसता. पण अंमलबजावणी पूर्ण झाली तरी सरकारी दप्तरात सरकारने जे पाहिले तेच मिळणार. कार्यालयातले कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत लावले जातात; अ वर्ग कायमचा, बाकीचे ठरावीक मुदतीनंतर नाश करायचे. मंजूर झालेल्या योजनेचा आदेश वरच्या वर्गात जातो, पण ती योजना मागणाऱ्या गावकऱ्यांचे निवेदन आणि त्यांच्या मोर्चाचे पत्रक, प्रकरण मिटले की, खालच्या वर्गात जाऊन रद्दीत निघण्याचाच संभव अधिक. उत्तर उरते, प्रश्न जातो.

याची किंमत या भागाने मोजलेली आहे. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ साली, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना आणली. तुरुंगवास झालेल्याला तुरुंगाचा दाखला पुरेसा होता. पण जो भूमिगत राहिला आणि कधी सापडलाच नाही, त्याने कोणता दाखला आणायचा? फरारी घोषित केल्याचा हुकूम, वॉरंट, नाहीतर दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या सहकाऱ्याचे प्रमाणपत्र. ज्याने इंग्रजांना जितके यशस्वीपणे चुकवले, तितका तो सरकारी कागदावर कमी सिद्ध झाला. प्रतिसरकारची सगळी कर्तबगारी तर न सापडण्यातच होती. तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या स्वयंसेवक दलाच्या, एखाद्या तुकडीची हजेरी किंवा भाकरी पोहोचवणाऱ्या घरांची नावे ही माहिती गृहखात्याच्या फायलीत मिळणार नाही, आणि मिळालीच तर दरोडेखोरांचे साथीदार या सदरात मिळेल. सरकारी दप्तर खोटे बोलते असा माझा आरोप नाही. त्याचा बसायचा कोन ठरलेला आहे, आणि दुसऱ्या कोनातून ठेवलेला कागद शेजारी असल्याशिवाय तो ओळखता येत नाही.

स्वातंत्र्यलढा तरी सणासमारंभाने आठवला जातो. त्यानंतरच्या चळवळींचे काय? कृष्णा खोऱ्यातल्या पाण्याचा सरकारी इतिहास आपल्याला तोंडपाठ असतो: राज्याराज्यांत पाणी वाटून देणारा बच्छावत लवाद, महाराष्ट्राच्या वाट्याचे ५६० टीएमसी (अब्ज घनफूट), १९९६ साली स्थापन झालेले कृष्णा खोरे विकास महामंडळ. पण लवादाने राज्याला दिलेले पाणी राज्याच्या आत कोणाला मिळावे, हा वाद खानापूर, आटपाडी, तासगाव, माण या दुष्काळी टापूतल्या माणसांनी उभा केला. १९८० च्या दशकात मुक्तिसंघर्ष चळवळीने येरळा नदीतल्या वाळूचा प्रश्न हाती घेतला. ठेकेदार वाळू उपसतो आणि नदी कोरडी पडते, तर त्याच वाळूतला काही भाग लोकांना विकू द्या, त्या पैशातून आम्ही बंधारा बांधतो, अशी ती मागणी होती, आणि त्यातून बळीराजा धरण उभे राहिले. भूमिहीनालाही पाण्यात वाटा हवा, हा विचार तिथे नुसता मांडला गेला नाही, त्याचा हिशेब केला गेला. पुढे १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या आणि नागनाथअण्णा नायकवडींसारखे प्रतिसरकारातले सेनानी उतारवयात पुन्हा त्या मंडपात येऊन बसले. समन्यायी पाणीवाटप हा आज धोरणाच्या भाषेत रूढ झालेला शब्दप्रयोग अशा बैठकांतून घडत गेला. त्या बैठकांची इतिवृत्ते, कुटुंबवार पाण्याचे कोष्टक, अभियंत्यांनी मोबदला न घेता काढलेले नकाशे, विरोधकांनी वाटलेली पत्रके आज कुठे आहेत? बहुतेक ती कार्यकर्त्यांच्या घरांत आहेत, आणि कार्यकर्ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

कोयनेचे उदाहरण तर अधिक बोचरे आहे. धरण १९६० च्या दशकात पुरे झाले, आणि राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा आला १९७६ साली. कायदा येण्याआधीच उठलेल्या गावांतल्या माणसांची तिसरी पिढी आज आपण धरणग्रस्त असल्याचे सिद्ध करण्यासाठी जुने उतारे आणि याद्या शोधत फिरते. त्यांच्यासाठी कागदांचा संग्रह हा हौशी इतिहासकाराचा विषय नाही, जमिनीचा आहे.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येतो. कागद उघडे करा, हे सांगणे सोपे आहे. पण त्या कागदांत माणसांची नावे आहेत. प्रतिसरकारने खबऱ्यांना, गावगुंडांना, सावकारांना शिक्षा केल्या. ज्यांना झाल्या आणि ज्यांनी दिल्या, त्यांची नातवंडे आज एकाच गावात, कधी एकाच सोसायटीच्या संचालक मंडळात बसतात. चळवळीच्या वह्यांत वर्गणी कोणी बुडवली हेही असते आणि कोणाचे कोणाशी जमत नव्हते हेही असते. घरच्यांनी हे कपाट उघडू नये म्हटले तर त्यांना दोष कसा द्यायचा? कागदाची भीती इकडच्या माणसाला उगाच बसलेली नाही. १८५२ च्या इनाम कमिशनपुढे सनदा घेऊन गेलेल्या किती घराण्यांची इनामे त्याच चौकशीत गेली, ही आठवण वाड्यावाड्यांत मुरलेली होती. राजवाड्यांना दारे बंद मिळाली ती नुसत्या अडाणीपणामुळे नव्हे. आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला पाहिलेल्या संस्थाचालकाला ‘उघडे ठेवा’ हा उपदेश ऐकून घाम फुटला तर तेही समजण्यासारखे आहे.

हे सगळे मान्य करूनही माझा निष्कर्ष बदलत नाही. भांडारकर संस्थेवर जमाव आला तो तिथला एखादा कागद वाचून आला नव्हता. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकातला मजकूर आणि त्यातला ऋणनिर्देश हे निमित्त होते. कपाटे बंद असती तरी तो आलाच असता. अफवेला बंद कपाटच अधिक मानवते, कारण आत काय आहे ते कोणीच खोडून सांगू शकत नाही. जिवंत माणसांच्या खासगीपणाचा प्रश्न त्याहून खरा आहे, पण त्यावर उपाय आहे: मुदत. अमुक गठ्ठा अमुक सालापर्यंत बंद राहील, हे यादीतच लिहायचे. गठ्ठ्यात न्यायमंडळाचे निवाडे आहेत एवढे सांगायचे, नावे सांगायची नाहीत, आणि उघडण्याचे वर्ष द्यायचे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही संशोधन आणि अभिलेखन या कारणांसाठी सवलतीची तरतूद आहे, म्हणजे कायद्याचा धाक दाखवून सरसकट कुलूप लावण्याला आधार नाही. मुदत घालून बंद ठेवणे आणि अस्तित्वच लपवणे यांत जो फरक आहे, तो घरच्यांना समजावून सांगितला तर पटतो, असा माझा विश्वास आहे.

मालकीबद्दलही असेच. वारसांनी मालकी सोडलीच पाहिजे असा हट्ट धरला की संवाद तुटतो. डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते कायद्याच्या गुंत्यात पेट्यांमध्ये अडकून पडली होती. अखेर वारसांशी बोलून मार्ग काढला गेला आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १९७९ साली पहिला खंड काढला. मधली तेवीस वर्षे वाया गेली ती मालकी कोणाची हे आधी ठरवू पाहणाऱ्यांमुळे. ट्रंक घरातच राहू द्या, यादी मात्र बाहेर येऊ द्या, एवढ्यावर सुरुवात करता येते.

‘सगळे स्कॅन करून टाका’ म्हणणाऱ्यांवर फार शब्द खर्च करायला नकोत, कारण त्यांचे अर्धे म्हणणे बरोबरच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली तेव्हा सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयातल्या पुस्तकांचा लगदा झाला. जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीत किती फायली गेल्या ते महाराष्ट्राने दूरदर्शन संचावर पाहिले. दुसऱ्या ठिकाणी प्रत असणे गरजेचे आहे, आणि नदीकाठच्या तळमजल्यावर स्मारक-संग्रहालय बांधण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी पूररेषेचा नकाशा एकदा पाहावा. पण कोणत्या गठ्ठ्यातले पान, कोणाचे, कधीचे हे न नोंदवता केलेले हजारो स्कॅन म्हणजे पत्ते पुसलेल्या पाकिटांची थैली. यादी करायला माणूस लागतो, तो वाचणारा लागतो, आणि त्याला पगार लागतो. स्कॅनर विकत घेण्याच्या उद्‌घाटनाला मंत्री येतात, सूचीकाराच्या पगाराला कोणी येत नाही.

२०२३ पासून मराठा आरक्षणासाठी चाललेल्या कुणबी नोंदींच्या शोधामुळे तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत कधी नव्हे इतकी वर्दळ झाली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमुळे गावनमुने, जन्ममृत्यूची रजिस्टरे, शाळांचे दाखले उलगडले गेले, मोडी जाणकारांना अचानक मागणी आली, आणि जुने गॅझेटियर हा शब्द चहाच्या टपरीवर पोहोचला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. एवढेच विचारतो की, एका जातीचा उल्लेख शोधण्यासाठी जे लक्षावधी कागद हातांखालून गेले, त्यांत आणखी काय काय दिसले हे कोणी टिपून ठेवले का? दुष्काळातली तगाई, गाव सोडून गेलेली कुटुंबे, पहिल्यांदा शाळेत आलेल्या मुली, सारे त्याच पानांवर असणार. ज्याला जे हवे ते तेवढे घेऊन गठ्ठा पुन्हा बांधला गेला असेल, तर पुढच्या गरजेला पुन्हा शून्यापासून सुरुवात. मनुष्यबळ नाही, पैसा नाही, ही सबब मात्र त्या मोहिमेने कायमची मोडीत काढली. राजकीय निकड वाटली तेव्हा दोन्ही मिळाले.

हे काम करायचे कोणी, तर एका नव्या संस्थेची मला गरज वाटत नाही. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली तालुका ग्रंथालये आहेत, रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांचे जाळे आहे, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आहे. इतिहास आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून नाहीतरी काहीतरी द्यावेच लागते. इंटरनेटवरून उतरवलेल्या निबंधापेक्षा एका घरातल्या एका ट्रंकेची यादी हा प्रकल्प कधीही बरा. यादीत पाच-सहा रकाने पुरतात: काय आहे, कोणत्या काळातले, किती, कोणाच्या ताब्यात, पाहायला मिळेल का, मिळणार नसेल तर कधीपासून मिळेल. साखर कारखान्यांपासून सुरुवात केली तरी चालेल. सर्वसाधारण सभेचा छापील वार्षिक अहवाल दरवर्षी हजारो सभासदांच्या घरी जातो. या दोन जिल्ह्यांतल्या कोणत्याही एका जुन्या कारखान्याचे पहिल्या वर्षापासूनचे अहवाल ओळीने कोणत्या वाचनालयात पाहायला मिळतील? यात गुप्त काही नाही, मालकीचा वाद नाही, कोणाच्या घराण्याची अब्रू नाही.

आणि एक अट मी आग्रहाने घालीन. यादीत फक्त जिंकलेल्यांचे आणि गौरवलेल्यांचे कागद येऊन चालणार नाहीत. प्रतिसरकारला विरोध करणाऱ्या पाटलाचा अर्ज, धरणाच्या बाजूने गावोगाव फिरलेल्या अभियंत्याची डायरी, पडलेल्या उमेदवाराचा जाहीरनामा, फुटून निघालेल्या गटाचे खुलासापत्र, कारखान्याच्या सभेत माइक बंद केला गेला अशी तक्रार करणारे चार सभासदांचे निवेदन हेही त्याच यादीत, त्याच अक्षरांत, त्याच क्रमाने आले पाहिजे. स्मारक समित्यांना हे रुचणार नाही. म्हणून हे काम स्मारक समित्यांकडे देऊ नये, आणि ज्या विद्यार्थ्याला एका गटाच्या ट्रंकेची यादी दिली आहे त्यालाच पुढच्या सत्रात दुसऱ्या गटाच्या दारात पाठवावे.